एरास्मोचा पैरा

हस, मारुकेल, हस. तुझ्या आजीच्या चपलेत बेडूक ठेवणारा मीच. पाद्रीबाबांच्या घंटेची दोरी कापणाराही मीच. पण आज थाप नाही. दिवा जरा मोठा कर आणि ऐक.

कार्निव्हलचा मंगळवार. दुपारचे चार. एरास्मो घोड्यावर सुक्या गवताचे दोन भारे लादून बेलिसारिओकडे निघाला होता. मी नवा शर्ट घालून लास ताब्लासला, मिरवणुकीला.

‘‘चल ना रे चिखल तुडवायला,’’ तो म्हणाला.

‘‘आज? माझे पाय नाचायला राखून ठेवलेत.’’

‘‘ते पाय? बदकाला दे, बदक हसेल.’’

मी हसत हसत गेलो. सगळा गावच गेला.

आता बेलिसारिओचं सांगतो. बायको वारली, आजोबांच्या कुडाच्या घराची मागची भिंत पडली, आणि त्याच्या सात वर्षांच्या यारिसेलला सरकारी बाई घेऊन गेली. म्हणाली, बुधवारी दुपारी येईन. भिंत दिसली नाही तर पोर राजधानीत दुसऱ्या घरी जाईल.

एरास्मो त्याचा जन्माचा दोस्त. लहानपणी दोघांत बुटांचा एकच जोड. एक रविवार ह्याचा, एक त्याचा.

आणि भिंत आपल्याकडे कशी उभी राहते? पैऱ्यानं. आज तू माझ्या चिखलात, उद्या मी तुझ्या. पैसा नाही, हाताला हात. हाळी घालायची, हाळीला हाळी आली की माणसं आलीच. पण अंधार पडल्यावर हाळी घालत नाहीत. का, ते तुमच्या आज्यांना विचारा.

पुढचं बेलिसारिओनं मला सांगितलं, थेंबही न पिता. म्हणूनच मी घाबरलो.

रात्रीचे साडेअकरा. कामट्या बांधून झालेल्या, पण भिंतीचा गारा, तो गवत-मातीचा चिखल, खड्ड्यात तसाच. दोघांच्या चार पायांनी किती तुडवणार? बेलिसारिओ चिखलातच बसला.

‘‘गेली रे माझी पोर. गेली.’’

‘‘ऊठ. रडून गारा पातळ करू नकोस.’’

‘‘नाही होत आता, एरास्मो. बघ की. नाही होत!’’

एरास्मोनं त्याच्याकडे पाहिलं. मग तोंडाशी हात धरला आणि हाळी घातली. लांब. गळ्यात घोळवून.

‘‘वेडा झालास? रात्रीची...’’

‘‘गावात आहे कोण ऐकायला?’’

टेकडीवरून उत्तर आलं.

टेकडीवर घर नाही. आहेत ते नुसते थडग्यांवरचे क्रूस, ठाऊक आहे तुम्हाला.

मग दुसरी हाळी. मग पाच-सहा. मग... शांत.

कंदील विझला. वारा नव्हता.

चपक्. चपक्. खड्ड्यात पाय पडू लागले. खूप पाय.

‘‘डोळे मीट,’’ एरास्मो म्हणाला. ‘‘लिंप. हात थांबवू नकोस.’’

बेलिसारिओ लिंपत राहिला. न मागता हातात गोळा येई. कुणी बोलेना. फक्त पहाटे, अगदी कानाशी...

‘‘हाळी कुणाची?’’

बेलिसारिओचं तोंड उघडलं. आवाज निघाला नाही. घर त्याचं होतं, पोर त्याची होती...

‘‘माझी,’’ एरास्मो म्हणाला.

उजाडलं तेव्हा भिंत वाशाला टेकली होती. खड्डा रिकामा.

दुपारी बाई आली. कपाळावर त्या बुधवारी चर्चमध्ये लावतात तो राखेचा क्रूस. भिंतीला बोट लावलं, बोटाला चिखल लागला. ‘‘ओली आहे,’’ म्हणाली आणि सही केली. संध्याकाळी यारिसेल घरी.

एरास्मो वर्षभर हसायचा. ‘‘एका दिवसाचा तर पैरा! फेडू की.’’ बेलिसारिओ हसायचा नाही.

पुढच्या कार्निव्हलच्या मंगळवारी मी मिरवणुकीला गेलो नाही. यारिसेलला मावशीकडे पाठवलं आणि आम्ही तिघं त्याच घरात बसलो. दाराला आतून अडसर. डॉमिनो मांडला.

‘‘आज बरा वेळ मिळाला रे तुला,’’ एरास्मो मला म्हणाला. ‘‘बदकानं पाय परत केले वाटतं.’’

मी भलतीच सोंगटी लावली. 

साडेअकरा.

टेकडीवरून हाळी आली.

बेलिसारिओनं झडप घालून एरास्मोचं तोंड दाबलं. ‘‘नको. ओ देऊ नकोस. मी जातो, माझं घर आहे, मी...’’

एरास्मोनं हळूच तो हात काढला. ओ दिली नाही. नुसता थकल्यासारखा हसला आणि वाशाला टांगलेल्या झोळीत जाऊन आडवा झाला.

‘‘झोपू द्या,’’ म्हणाला.

दाराला पाठ लावून आम्ही दोघं बसलो. रात्रभर. डोळा लागला नाही, आईची शपथ. अडसर हलला नाही. झोळी हलली नाही.

उजाडलं.

‘‘एरास्मो,’’ बेलिसारिओनं हाक मारली. ‘‘ए, एरास्मो...’’

मी चादर बाजूला ओढली. अंग गार पडलं होतं.

डिसेंबरपासून गावात पावसाचा थेंब नव्हता. अंगण तडकलेलं. रात्री झोळीत चढताना त्याचे पाय मी पाहिले होते, कोरडे, धुळीचे.

आता गुडघ्यापर्यंत चिखल होता. तुडवलेला, मऊ, त्यात गवताच्या काड्या.

ओला.