बिनसेलाची शिट्टी

१४ नोव्हेंबर, मंगळवार. सकाळपासून ढगाळ. वारा अजिबात नाही. दुपारी तीनलाच दिवा लावावा लागला.

आमच्या चर्चचे पाळकसाहेब त्यांचं कानाचं मशीन साफ करून घ्यायला आले होते. हे काम मी अठ्ठावीस वर्षं करतोय. मशीन कानात असलं की अंगाच्या उबेनं त्याच्या नळीत ओलाव्याचे थेंब साठतात. ते फुंकून काढावे लागतात. चालू मशीन कानाबाहेर राहिलं, तर बारीक शिट्टी मारतं. त्याचा कानाच्या मापाचा साचा आत नीट बसला की गप्प होतं.

मी नळी फुंकत होतो, तेव्हा डावीकडच्या खणातून शिट्टी सुरू झाली.

त्या खणात एकच मशीन आहे. आईचं. तिला जाऊन नऊ वर्षं झाली. मी खण उघडला. सेलचा कप्पा रिकामा होता. तो मीच रिकामा केला होता. मशीन मुठीत धरलं, तर शिट्टी आणखी चढली. खणातून तिच्या पावडरीचा वास आला...

पाळकसाहेब समोर शांत बसलेले. त्यांचं मशीन माझ्या टेबलावर उघडं पडलेलं, म्हणजे त्यांना काही ऐकू येत नव्हतं. म्हणूनच असेल, मी बोलायला लागलो. खाली न बघता, हळू आवाजात.

"त्या दुपारी आई सारखी हाका मारत होती. कोण आलं, काय पडलं. माझ्यापुढे नाजूक काम होतं. मी तिचं मशीन काढलं, सेल खिशात टाकला आणि मशीन परत कानात बसवलं. म्हटलं, सेल संपलाय, उद्या घालतो. 'बरं' म्हणाली... आणि वाळलेले कपडे काढायला बाहेर गेली. गल्लीत पाण्याचा टँकर मागे येत होता. त्याचा भोंगा मला आत ऐकू आला, तिला बाहेर नाही. मी नंतर सगळ्यांना सांगितलं, सेल संपला होता. नवे सेल आणायचं काम धाकट्या बहिणीकडे होतं. ती विसरली होती."

पाळकसाहेब माझ्याकडेच बघत होते.

"ऐकलं काही नाही," ते म्हणाले. "ओठ वाचले. आपल्या मंडळीत निम्मे लोक पुटपुटतात. तू निदान तोंड तरी उघडतोस." मग त्यांनी माझा हात धरला. "दर रविवारी क्षमा मागतोस, ती याचीच ना? प्रभूनं ती पहिल्याच रविवारी दिली, बाबा. तुला ती घेता येत नाही, कारण तुझं ओझं तू बहिणीच्या डोक्यावर ठेवलंयस. ते आधी उतरव."

स्वतःचं मशीन कानात घालून ते गेले. शिट्टी चालूच होती. आईचं मशीन फडक्यात गुंडाळलं, खण लावला. तरी येत राहिली.

साडेचारला बहीण तिच्या शिवणाच्या दुकानातून आली.

"दादा, भरदिवसा दिवा? म्हातारा झालास की काय?" ती हसली आणि मध्येच थांबली. "हे... आईचं वाजतंय?"

"हो."

"सेल घातलास?"

"नाही."

ती खुर्चीच्या कडेवर बसली. सवयीनं तिचा हात पर्समध्ये गेला. सहा सेलांची एक पट्टी कायम तिच्यापाशी असते. मुदत संपली की नवी घेते. कशाला, असं विचारलं की म्हणते, असू दे.

मी आईचं मशीन काढून आम्हा दोघांच्या मध्ये ठेवलं.

"चिमे, त्या दिवशी सेल संपला नव्हता. मी काढला होता. तुझ्या विसरण्यानं काही झालं नाही."

शिट्टी किंचित खाली आली, थरथरली आणि बंद झाली. हा आवाज मी रोज ऐकतो. साचा कानात फिरवून बसवताना शिट्टी अशीच बंद होते.

आम्ही दोघंही मशीनकडे बघत होतो. ते टेबलावरच होतं.

"विसरले नव्हते मी," बहीण शेवटी म्हणाली. "सेल आणायला दुकानाच्या दारापर्यंत गेले होते. गर्दी होती म्हणून परत फिरले. नऊ वर्षं मी त्या दारातच उभी आहे, दादा."



"तुला माफ करायला मला वेळ लागेल," ती म्हणाली. मी उठायला लागलो, तर तिनं माझं मनगट धरलं. "जाऊ नकोस. प्रार्थना कर. मोठ्यानं कर..." तिनं मशीनकडे पाहिलं. "तिला ऐकू जाईल अशी."

मी मोठ्यानं प्रार्थना केली. नऊ वर्षांत पहिल्यांदाच क्षमा मागितली नाही. दिलेल्या क्षमेबद्दल आभार मानले. बहिणीसाठीही मागितलं, त्या दारातून तिला घरी आण म्हणून. 'आमेन' तिनंच म्हटलं, माझ्यानं ते झालं नाही.

पाच वाजून दहा मिनिटांनी बहीण गेली. सेलांची पट्टी तिनं टेबलावर ठेवली, सोबत नेली नाही. सहाच्या सहा सेल. त्यानंतर मशीन उजेडात धरून तपासलं. कप्पा रिकामा. साचा कोमट. नळीत ओलाव्याचे दोन थेंब.