आधी समोरच्याचं म्हणणं

लिफ्ट तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मधे गचकन थांबली, दिवा गेला. आत होती ती एकटीच. जिच्या खुर्चीत बसायचं म्हटलं की भल्याभल्यांची गाळण उडते, ती दातांची डॉक्टर. आज तिचीच पाचावर धारण बसली होती.

वरच्या फटीतून आवाज आला, "घाबरू नका हो, मी मेकॅनिक. पंधरा मिनिटं द्या. आणि बोलत राहा. कुठे निघाला होता?"

"चौथ्या मजल्यावर... चर्चेला. दर गुरुवारी आम्ही एकेका प्रश्नावर बोलतो. आजचा प्रश्न — भीती म्हणजे काय?"

"वा! मग इथेच करू की. नियम काय?"

"एकच. आधी समोरच्याचं म्हणणं त्याला पटेल असं परत सांगायचं. तो 'हो, हेच' म्हणाला, की मग आपलं."

"बरं. कसली भीती वाटतेय?"

"लिफ्ट पडेल..."

"म्हणजे तुम्हाला पडायची भीती आहे."

"नाही," ती म्हणाली आणि स्वतःच चकित झाली. "मी इथे आहे हे कुणालाच ठाऊक नाही... त्याची."

पान्याचा आवाज थांबला. "एकटं असण्याची भीती."

"हो. हेच."

"मग आता माझं. मला ठाऊक आहे ना!"

दार उघडलं तेव्हा ग्रीसनं माखलेला हात पुढे आला. तिनं तो धरला, आणि सोडायला अंमळ उशीरच केला.

पुढच्या गुरुवारी मेकॅनिकची स्वारी चर्चेला हजर. ती लिफ्टचं नाव काढीना, म्हणून हा लिफ्टवाला तिच्याबरोबर चार मजले जिने चढायचा. दोघांचे खरे वाद जिन्यातच व्हायचे.

सहा महिन्यांनी, एका गुरुवारी चर्चा संपल्यावर तो म्हणाला, "कंपनी दुसऱ्या शहरात पाठवतेय. तीन वर्षं. उद्या होकार कळवायचाय."

"अरे वा," ती म्हणाली. 'जाऊ नका' म्हणावं, आणि तो नुसता हसला तर? आज गप्प राहिली तर उद्या त्याचा होकार गेलेला असणार.

"मला आज लिफ्ट तपासायचीय," तो म्हणाला. "तुम्ही जिन्यानं या."

ती सरळ लिफ्टमध्ये शिरली. तो चकित होऊन तिच्यामागे आत आला. दार मिटलं, लिफ्ट खाली निघाली आणि तिनं लाल बटण दाबलं. लिफ्ट मधेच थांबली.

"मला भीती वाटते," ती म्हणाली.

"लिफ्टची."

"चूक."

"मी... जाईन याची?"

"अर्धंच."

तो तिच्याकडे वळला. मग अगदी हळू म्हणाला, "मी जाईन, आणि तुम्ही मला काही सांगितलेलंच नसेल."

"हो. हेच." ती म्हणाली. "आता तुमचं."

"मला गुडघेदुखी आहे, डॉक्टर. तरी सहा महिने जिने चढतोय. का ते विचारायची तुमची हिंमत नव्हती, सांगायची माझी नव्हती."

आता पाळी तिची. नियम म्हणजे नियम! तिनं त्याचं म्हणणं परत सांगितलं.

"तुमचं... माझ्यावर प्रेम आहे."

"हो," तो म्हणाला. "हेच. उद्या त्यांना नकार कळवतो."

तिनं त्याचा हात घट्ट धरला. "आता माझं. पण आधी ही लिफ्ट सुरू करा हो, माझे पाय लटपटतायत!"