केबलचे औक्षण

नळी एकच होती आणि केबलही एकच. नळीचे एक तोंड खाली धक्क्यावर उघडत होते, दुसरे वर कातळावर, प्रवाळगृहाच्या पायरीशी. केबल खालून वर ओढा किंवा वरून खाली, अंतर तेवढेच. असे असताना एका बाजूने ओढायला पावणेचारशे किलोंहून कमी ओढ पुरावी आणि दुसऱ्या बाजूने हजाराहून जास्त लागावी, हे कसे?

हे कोडे खेचरने घातले होते, आणि ऊर्मीला ते खोटे वाटले.

खेचर म्हणजे जाड विद्युत-केबली ओढण्यासाठी बनवलेला यंत्रमानव. कारखान्याने त्याला लांबलचक क्रमांक दिला होता. धक्क्यावरच्या कामगारांनी त्याला खेचर म्हटले आणि तो त्या नावाला ओ देऊ लागला. भरती-ओहोटीवर चालणाऱ्या नव्या वीजकेंद्रातून प्रवाळगृहाला वीज न्यायची, हे त्याचे काम. प्रवाळगृह ऊर्मीच्या आजोबांचे, म्हणजे डॉ. विश्वंभर तेंडोलकरांचे. तापलेल्या समुद्रातून वाचवून आणलेली प्रवाळे (समुद्रात वसाहत करून राहणारे, दगडासारखे घर बांधणारे चिमुकले जीव) तिथे थंड केलेल्या पाण्याच्या टाक्यांत वाढत होती. तिसऱ्या टाकीतले मधपोळ्यासारखे प्रवाळ आता बाहेरच्या समुद्रात कुठेही उरले नव्हते. त्याचा पहिला तुकडा ऊर्मीनेच, आजोबांचे बोट धरून चालण्याच्या वयात, टाकीत ठेवला होता.

जुनी केबल खारट हवेने खाल्ली होती. बॅटऱ्या कशाबशा तग धरून होत्या. आजोबा मासळीबाजारातून बर्फाच्या लाद्या आणून टाक्यांभोवती रचत होते.

किनाऱ्याच्या विकासासाठी नेमलेल्या समितीला मात्र वेगळी चिंता होती. मांडव कुठे घालायचा? समितीचे अध्यक्ष दाजीसाहेब हडकर यांनी तो वर, प्रवाळगृहासमोर घातला, कारण कोनशिला तिथे होती आणि फोटोत मागे समुद्र येत होता. नारळ आणला, फेटे आणले, पाहुणे ठरले. केबलचे टोक नळीतून मांडवात प्रकट व्हावे आणि एका कुमारिकेने त्याचे औक्षण करावे, अशी योजना होती. आपल्याकडे विहिरीला, ट्रॅक्टरला, रोहित्राला ओवाळतात. केबलनेच काय पाप केले होते? कुमारिका म्हणून ऊर्मीची निवड झाली. मोतिया रंगाचे परकर-पोलके शिवून आले.

सकाळी खेचर मांडवात आला आणि ऊर्मीपुढे थांबला.

"ताई, केबलचं रीळ धक्क्यावर ठेवायचं की इथं वर? खालून वर ओढली तर ओढ हजारावर जाईल. वरून खाली ओढली तर पावणेचारशेच्या आत राहील. केबल सहाशे सोसते."

"चढ आहे म्हणून?"

"चढ किरकोळ आहे. तो मी हिशेबात घेतलेलाच नाही."

"मग? नळी तीच ना? अंतर तेच ना?"

दाजीसाहेब हसले. "बघा! पोरीला कळतं ते या डब्याला कळत नाही. अरे खेचरा, ओढणं म्हणजे ओढणं. इकडून काय नि तिकडून काय? रीळ वर ठेवलं तर केबल बाहेर येणार धक्क्यावर. तिथं आम्ही काय खेकड्यांना भाषण देऊ?"

"मला प्रवाळगृहाचा निर्णय लागतो," खेचर म्हणाला. "ताई, आजोबांना विचारून ये."

आजोबा हाकेच्या अंतरावर होते. बर्फाची लादी सरकवल्याचा आवाज येत होता. ऊर्मी दोन पावले गेली. आजोबा काय सांगतील ते तिला ठाऊक होते. हातातल्या ताम्हनात निरांजन होते, समोर खुर्च्या मांडलेल्या होत्या, शाळेतल्या मैत्रिणी पहिल्या रांगेत बसणार होत्या.

ती परत फिरली. "धक्क्यावर ठेव," ती म्हणाली. खेचरने तो प्रवाळगृहाचा निर्णय म्हणून नोंदवला.

काम सुरू झाले. स्पंजचा बोळा आणि त्याला बांधलेला दोरा दाबलेल्या हवेने नळीतून फुंकून वर आणला. दोऱ्यामागून दोर आला. केबलच्या टोकावर तारेचा विणलेला मोजा चढवला (हा मोजा जितका ओढावा तितका घट्ट आवळतो), तो दोराला जोडला, आणि मांडवात उभा राहिलेला खेचर दोर आपल्या पोटातल्या चक्रावर गुंडाळू लागला. खाली कामगार केबलला वंगण (सरकणे सोपे करणारा बुळबुळीत लेप) फासत होते. वाळूखालून केबल सरळ आली. कातळाच्या पायथ्याशी पहिले काटकोनी वळण. तेही पार पडले. पाहुणे आले. सनई लागली.

दुसऱ्या वळणानंतर खेचर थांबला.

"सातशे वीस. मर्यादा ओलांडली आहे. काम बंद."

"बंद?" दाजीसाहेबांनी पाहुण्यांकडे बघून स्मित केले आणि तेच स्मित चेहऱ्यावर ठेवून दबक्या आवाजात म्हणाले, "एकच वळण उरलंय, मेल्या. चालू हो."

"एका वळणाचाच प्रश्न आहे."

समितीच्या अध्यक्षांना एक किल्ली दिलेली असते. संकटसमयी यंत्राची मर्यादा उठवावी, म्हणून. दाजीसाहेबांच्या मते पाहुण्यांचा खोळंबा हे संकटच होते. त्यांनी किल्ली फिरवली.

खेचरच्या पोटातले चक्र पुन्हा फिरले. कातळाच्या आतून कापड फाटल्यासारखा लांब आवाज आला. मग नळीतून टोक बाहेर आले: रिकामा मोजा, आणि त्यात अडकलेली काळ्या आवरणाची साल. सनई वाजतच राहिली. तिला कोणी थांबायला सांगितले नव्हते.

ऊर्मीच्या हातातले निरांजन वाऱ्याने विझले. दाजीसाहेब ध्वनिक्षेपकावरून म्हणाले, "तांत्रिक अडचण." टाळ्या झाल्या.

फाटलेली केबल परत मागे काढावी लागली. खराब भाग कापल्यावर ती वरपर्यंत पुरेना. नवी यायला वेळ लागणार होता. समितीने यंत्रमानवाकडून खुलासा मागवला.

तिसऱ्या टाकीतले पाणी तापत गेले. मधपोळे आधी फिकट झाले, मग पांढरे. प्रवाळाचा रंग त्याचा स्वतःचा नसतो. त्याच्या अंगात राहणाऱ्या सूक्ष्म शैवालांचा (सूर्यप्रकाशावर अन्न बनवणाऱ्या वनस्पतीसदृश जीवांचा) असतो. पाणी तापले की हा सहवास तुटतो, शैवाल निघून जाते आणि प्रवाळ उपाशी पडते.

ऊर्मी धक्क्यावर जाऊन बसली. खेचर तिथेच उभा होता.

"मला कळलं पाहिजे," ती म्हणाली. "नळी तीच होती. अंतर तेच होतं."

खेचरने आजोबांच्या होडीचा दोर घेतला. एक टोक ऊर्मीच्या हातात दिले, दुसरे स्वतः धरले. "मी ओढतो. तू सोडू नकोस."

त्याने जरासे ओढताच ऊर्मी फरफटत पुढे गेली. मग त्याने दोराचा एक पूर्ण वेढा धक्क्यावरच्या खुंटाला दिला आणि पुन्हा ओढले. ऊर्मी हलली नाही. त्याने जोर वाढवला. दोर करकरला, ऊर्मीने तो दोन बोटांत धरला होता.

"खुंट मला मदत करतोय!"

"खुंट कुणालाच मदत करत नाही. तो फक्त गुणतो. दोर ताणला की खुंटावर दाबला जातो. दाबला की घर्षण वाढतं." (घर्षण म्हणजे दोन पृष्ठभाग एकमेकांवर घासताना होणारा विरोध.) "घर्षण वाढलं की ताण वाढतो, ताण वाढला की दाब आणखी वाढतो. म्हणून खुंटाच्या एका बाजूला जितका ताण, त्याच्या कितीतरी पट दुसऱ्या बाजूला. वेढा मोठा, तितकी पट जास्त."

"नळीत तर खुंट नाही."

"वळण आहे. ओढलेली केबल वळणाच्या आतल्या बाजूवर घासते. आपल्या नळीत एक वळण ताण दीडपट करतं."

"आणि सरळ नळी?"

"तिथं केबल फक्त स्वतःच्या वजनानं तळाशी घासते. सरळ नळी बेरीज करते. आपल्या इथं तीनशेची. रिळापाशी ताण वीस असतो. आता तू सांग."

ऊर्मीने ओल्या वाळूवर बोटाने आकडे काढले. धक्क्यावरून निघालो तर आधी बेरीज: वीस आणि तीनशे, तीनशे वीस. मग कातळातली तीन वळणे. चारशे ऐंशी. सातशे वीस. एक हजार ऐंशी.

वरून निघालो तर वळणे आधी. विसाचे तीस, तिसाचे पंचेचाळीस, पंचेचाळिसाचे साडेसदुसष्ट. मग बेरीज. तीनशे साडेसदुसष्ट.

तिने दोन्ही ओळींवरून बोट फिरवले. "वळणं आधी घेतली असती तर गुणायला काही नव्हतंच," ती म्हणाली. "आपण तीनशे गोळा केले आणि मग ते गुणायला दिले."

"हो."

"तू मला हे तेव्हाच का नाही सांगितलंस?"

"तू विचारलं होतंस, 'अंतर तेच ना?' मी उत्तर द्यायच्या आत दाजीसाहेबांनी उत्तर दिलं. आणि तुला ते आवडलं."

ऊर्मी उठली आणि कातळ चढून वर गेली. आजोबा तिसऱ्या टाकीपाशी स्टुलावर बसले होते. बर्फ संपला होता.

"आजोबा, खेचर मला म्हणाला होता, तुम्हाला विचारून ये. मी नाही विचारलं."

आजोबांनी चष्मा काढून पुसला. "मी काय म्हटलं असतं ते तुला ठाऊक होतं?"

"हो."

"म्हणूनच विचारलं नाहीस. बाय माझे, ही कला लोकांना समितीत बसून बसून येते. तुला फारच लवकर आली." मग चष्मा पुन्हा लावून, मऊ आवाजात, "आणि मीही बाहेर येऊन बघितलं नाही गो. मांडवाची मला शिसारी होती. औक्षणाला हातभर तुकडा पुरला असता. तो कापून द्यायचंही मला सुचलं नाही."

नवी केबल आली तेव्हा मांडव नव्हता. या वेळी खेचरने रीळ कुठे ठेवायचे ते विचारण्यापूर्वीच ऊर्मी नळीच्या मार्गावरून चालून आली आणि वळणे मोजून म्हणाली, "वर." वंगण फासायला ती स्वतः बसली; कोपरापर्यंत हात बरबटले. खाली धक्क्यावर खेचर आकडे मोठ्याने सांगत होता आणि वाऱ्यावर ते वर येत होते: तीस, पंचेचाळीस, साडेसदुसष्ट, मग सावकाश चढत तीनशे साडेसदुसष्ट. केबल धक्क्यावर बाहेर आली. तिथे तिला बघायला खरोखरच काही खेकडे होते.

थंडयंत्रे सुरू झाली. तिसरी टाकी पांढरीच राहिली. आजोबांनी भिंग ऊर्मीच्या हातात दिले आणि सांगितले की पांढरे प्रवाळ लगेच मरत नाही. पाणी वेळेत थंड झाले तर थोडे शैवाल परत येऊ शकते. वेळेत म्हणजे कधी, हे त्यांनाही माहीत नव्हते.

ऊर्मी रोज बघत असे. बहुतेक तुकड्यांवर पुढे राखाडी बुरशी धरली. ते तिने स्वतःच्या हातांनी बाहेर काढले. एका सकाळी, मागच्या कोपऱ्यातल्या नखाएवढ्या तुकड्यावर, भिंगाखाली तिला चहा सांडल्यासारखा फिकट तपकिरी डाग दिसला. तिने आजोबांना हाक मारली नाही. आधी भिंग पुसले, डोळे पुसले, आणि पुन्हा पाहिले. डाग तिथेच होता.

"आजोबा," तिने मग विचारले, "याला पूर्वीएवढं व्हायला किती वर्षं लागतील?"

"तुझ्या केसांत पांढरं दिसेपर्यंत."

"चालेल," ऊर्मी म्हणाली, आणि टाकीतल्या पाण्याचे तापमान बघायला वाकली.