जलचक्रातली गोळी

"चाचणी फसली," पडद्यावरच्या दोन आलेखांकडे बोट दाखवत डॉ. यशोदा नाबर म्हणाल्या. "दोन्ही गट सारखेच."

चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळच्या शीतगर्भ तळावर गेले काही महिने 'पुरःपोष' या पूरक गोळीची चाचणी चालू होती. पुरुषांच्या मूत्राशयाखाली पुरःस्थ नावाची ग्रंथी असते. लोक तिला प्रोस्टेट म्हणतात, तेही अगदी नाइलाज झाला तरच. उतारवयात ती फुगते, मूत्रमार्ग आवळते आणि भला माणूस भिंतीकडे बघत ताटकळत उभा राहतो. भोपळ्याच्या बीमधलं एक द्रव्य शेवाळात वाढवून, तीव्र करून ही गोळी केली होती. तळावरच्या निम्म्या वयस्कर पुरुषांना खरी गोळी, निम्म्यांना तशीच दिसणारी रिकामी, आणि कोणाला कोणती ते शेवटपर्यंत कोणालाच ठाऊक नाही, अशी ही आंधळी चाचणी होती.

"मला फरक हाय," दत्ताजी चौगुले म्हणाले. ते तळाचे मुख्य वेधनकार, मूळचे कागलचे. गाडलेला बर्फ खोदून काढण्यात त्यांचा हात धरणारा चंद्रावर कोणी नव्हता. पण त्रास वाढला तर त्यांना पृथ्वीवर पाठवावं लागणार होतं, आणि परत जायचं त्यांच्या अगदी जिवावर आलं होतं.

"दत्ताजी, तुम्हाला रिकामी गोळी होती. हे मनाचे खेळ आहेत."

"माझं मन एवढं हुशार न्हाई, डॉक्टर."

जलचक्राची अभियंता कादंबरी सोनटक्के शेजारी बसली होती. वातावरण निवळावं म्हणून तिने आपली बाटली पुढे केली. चौगुल्यांनी हात आखडला. सोवळंओवळं त्यांनी कागललाच सोडलं होतं, पण उष्टं त्यांना चालत नसे.

"काका, तुम्ही कमाल करता," कादंबरी हसली. "सगळ्यांची लघवी, घाम, श्वासातली वाफ गाळून तेच पाणी नळाला येतं. अख्खा तळ एकमेकांचं उष्टं पितोय."

डॉक्टर हसल्या नाहीत. त्या उठल्या, नळाचं पाणी परीक्षानळीत घेतलं आणि यंत्रात लावलं.

"हे द्रव्य वाफेबरोबर वर चढतं. तुझ्या गाळणीला ते सापडतच नाही," थोड्या वेळाने त्या म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला होता. "खरी गोळी घेणाऱ्यांच्या शरीरातून ते पाण्यात उतरलं आणि पाण्यातून सगळ्यांच्या पोटात गेलं. रिकामी गोळी कोणालाच मिळाली नाही, दत्ताजी. म्हणून दोन्ही गट सारखेच सुधारले. गोळी चालते."

आनंदाच्या भरात त्यांचं कादंबरीकडे लक्षच गेलं नाही. तिचा हात पोटावर होता. चंद्रावरचं पहिलं मूल तिला होणार होतं.

"पाकिटावर लिहिलंय, गरोदर बाईने गोळीला हातही लावू नये," ती म्हणाली. "मी पाकीटसुद्धा उचललं नाही कधी. पाणी मात्र रोज प्यायले."

आता लपवण्यात अर्थ नव्हता. डॉक्टरांनी सरळ सांगितलं. ग्रंथी फुगवणारं संप्रेरक हे द्रव्य अडवून धरतं. गर्भात मुलाच्या मूत्रमार्गाची घडण तेच संप्रेरक करतं. ते कमी पडलं तर मार्ग वाकडा होतो. रक्तचाचणीत कादंबरीला मुलगा असल्याचं दिसलं होतं. "पण घडण सुरू व्हायला अजून अवकाश आहे. आजपासून तू पृथ्वीवरून आलेलं सीलबंद पाणी प्यायचंस. ते संपायच्या आत तळाचं सगळं पाणी बदलायला हवं."

"म्हंजे नवा बर्फ," चौगुले म्हणाले.

"हो. पण दत्ताजी, नवं पाणी आलं की तुमचा त्रास परत येईल. आणि गोळी देता येणार नाही. तुम्ही घेतलीत की तळाने घेतली."

"माझ्या मुतायच्या सोयीपायी पोराचं वाटोळं करू व्हय?" चौगुले म्हणाले आणि पोशाख चढवायला गेले.

त्यांनी काळोख्या विवराच्या तळातून बर्फ काढला, टाक्या धुतल्या, भरल्या. पाणी निर्मळ झालं आणि भिंतीसमोर ताटकळून चौगुल्यांचे पाय पुन्हा अवघडू लागले. ते बोलत नसत, पण सगळ्यांना दिसत होतं. परतीच्या यानात त्यांची जागा धरली गेली.

तोड काढली कादंबरीने. खोदकामाच्या वेधनयानाला स्वतःचं छोटं जलचक्र होतं. तिने टाक्यांतून वेगळं काढून ठेवलेलं जुनं, द्रव्य असलेलं पाणी त्यात भरलं. "यानातच राहायचं, काका. तुमचंच पाणी गाळून तुम्ही प्यायचं. द्रव्य तिथल्या तिथे फिरत राहील. तळावर मात्र बंद पोशाखात यायचं, शिरस्त्राण उतरवायचं नाही."

"म्हंजे माझंच उष्टं."

"स्वतःचं चालतं."

त्यांनी मान्य केलं. एकटं राहणं सोपं नव्हतं, पण त्रास गेला आणि चंद्रही सुटला नाही. मूल जन्मलं. डॉक्टरांनी तपासून निर्वाळा दिला की सगळं ठीक आहे. चौगुल्यांचा विश्वास बसेना. या बाईने आपल्याला मनाचे खेळ म्हणून सांगितलं होतं. आताही आपल्या समाधानासाठी बोलत असेल, असं त्यांना वाटत राही. आपल्याला मोकळं वाटत होतं त्या दिवसांत ही पोर ते पाणी पीत होती, हे त्यांच्या मनातून जाईना.

बारशाला ते पोशाखातच आले. नाव ठेवून झाल्यावर कादंबरीने दुपटं सोडून बाळ त्यांच्या हातमोज्यांत दिलं. त्यांनी ते तोंडासमोर धरलं, आणि त्याने तेवढ्यात कार्यक्रम उरकला. चंद्रावर धार लवकर खाली येत नाही, चांगली उंच जाते. ती चौगुल्यांच्या शिरस्त्राणाच्या काचेवर, बरोबर मधोमध आदळली.

कादंबरी फडकं घेऊन धावली. चौगुल्यांनी मान मागे घेतली.

"थांब, पोरी. बघू दे नीट." मग ते डॉक्टरांकडे वळले. "सरळ हाय, डॉक्टर. एकदम सरळ."