उडीदचं घर रोज कुठे जायचं?

उडीद रोज सकाळी नव्याने घरी यायचा.

म्हणजे तो कुठे बाहेर जात नव्हता. रात्रभर हर्षालीच्या पलंगाखालच्या टोपलीत पडून असायचा. पण सकाळी जाग आली की दचकायचा, भिंतीच्या कडेकडेनं थरथरत फिरायचा, खुर्चीच्या प्रत्येक पायाला नाक लावून बघायचा आणि शेवटी दाराशी जाऊन रडत बसायचा. काल हेच घर त्याने पाहिलं होतं, परवाही पाहिलं होतं. मग रोज उठून पाहुण्यासारखं का वागायचं?

उडीद म्हणजे कुत्र्याचं पिल्लू. रंगाने काळंभोर आणि अंगाने एवढंसं, म्हणून हर्षालीनं हे नाव ठेवलं. ही गोष्ट हसतखेळत सुरू होत नाही, हे आधीच सांगून ठेवतो. पळसवस्तीत हसण्यासारखं फारसं काही उरलंच नव्हतं. तिथल्या जमिनीखालचा कोळसा पेटला होता, तो विझायचं नाव घेत नव्हता, आणि बाहेर सतत राख उडायची. माणसं हवाबंद घरांत राहायची. मुलं काचेच्या बोगद्यातून शाळेत जायची. हर्षालीचे पप्पा आग विझवणाऱ्या पथकात होते. त्यांना जुन्या वस्तीत एका कोसळलेल्या पत्र्याखाली उडीद सापडला. त्याची आई मरून पडली होती आणि हा तिच्या पोटाला चिकटून बसला होता.

पप्पांनी त्याला घरी आणलं आणि ते परत कामावर गेले. आईनं दारातच त्याला औषधाच्या पाण्यानं आंघोळ घातली. एकदा नाही, तीनदा. त्या दिवसापासून उडीद स्वतःहून काही खात नव्हता. ड्रॉपरने दूध पाजलं तर निम्मं बाहेर यायचं. बरगड्या मोजता येऊ लागल्या होत्या. शेवटी जनावरांच्या डॉक्टरांनी पडद्यावरून त्याला नीट पाहिलं आणि स्पष्टच सांगितलं, "आज खाल्लं तर जगेल. नाहीतर तयारी ठेवा."

हर्षालीनं रडत रडत आजोबांना बोलावलं.

आजोबा म्हणजे आईचे वडील. त्यांचं नाव स्वप्नील. त्यांच्या लहानपणी म्हणे एकेका वर्गात चार-चार स्वप्नील असायचे! ते वायुशास्त्रज्ञ होते. खाणीतली हवा तपासण्यात त्यांचा जन्म गेला होता. आले ते सुटकेसएवढं यंत्र काखेत मारूनच.

"रडून काय होऊन राहिलं? आधी बघू तर दे," असं म्हणत ते गुडघे धरून खाली बसले.

यंत्राला दोन खिडक्या होत्या. एकीत हवेतली धूळ मोजली जायची. दुसरी होती गंधमापकाची (हवेत वास किती आणि कसले आहेत ते सांगणारी). आजोबांनी यंत्राची नळी उडीदच्या टोपलीत धरली. गंधमापकावर शून्य. पलंगावर शून्य. स्वयंपाकघरातसुद्धा शून्याच्या जवळपास.

"हर्षे, सकाळी काय खाल्लंस?"

"थालीपीठ."

"थालीपीठ भाजलं आणि घरात वास नाही? हे घर आहे की दवाखाना?"

आई दारातच उभी होती. "हवा धुणारं आतलं यंत्र मी दिवसरात्र चालू ठेवते, बाबा. रोज त्याच्या टोपलीतलं कापड धुते. फरशी पुसते. त्याला जंतू लागू नयेत म्हणूनच ना?"

आजोबांनी हर्षालीला जवळ ओढलं.

"वास म्हणजे काय, सांग बरं. थालीपिठाचा वास येतो तेव्हा थालीपिठाचे रेणू (पदार्थाचे गुण अंगी असलेला त्याचा सर्वांत लहान कण म्हणजे रेणू) हवेत उडून आपल्या नाकात शिरतात. नाकात गंधग्राही पेशी (वास ओळखणाऱ्या पेशी) असतात. आपल्याला त्या पन्नास-साठ लाख. कुत्र्याला वीस कोटींच्या वर."

"बापरे!"

"पिल्लू जन्मतं तेव्हा त्याचे डोळे मिटलेले असतात, कानही बंद. आई कुठे आहे हे ते नाकानेच शोधतं. तू घर ओळखतेस ती भिंत, खिडकी, माणसांचे चेहरे बघून. हा घर ओळखतो वासावरून. इथे हर्षाली बसते, इथे मी काल झोपलो होतो, हे सगळं त्याच्यासाठी वासात लिहिलेलं असतं. आता समज, तू रोज सकाळी उठलीस आणि भिंतींचा रंग वेगळा, सामान वेगळं, समोरच्या माणसांना चेहरेच नाहीत. तू जेवशील?"

हर्षालीनं नकारार्थी मान हलवली. म्हणजे आपण लाड समजून रोज जे केलं, त्यानं ते पिल्लू रोज नव्याने अनाथ होत होतं.

"मग आतलं यंत्र बंद करू या," ती म्हणाली.

"नाही!" आई ओरडली. "यंत्र बंद होणार नाही."

आता हे सांगायलाच हवं. हर्षालीला एक धाकटा भाऊ होता, निनाद. एका दुपारी राखेचं वादळ आलं आणि जुन्या घराची खिडकी फुटली. आईला जळका वास आला तेव्हा ती धावली, पण तोवर निनादच्या छातीत राख गेली होती. तो वाचला नाही. त्यानंतर आईनं दारातल्या हवा गाळणाऱ्या यंत्राच्या जोडीला घराच्या आत दुसरं यंत्र बसवलं. कुठलाही वास आला की तिचे हात कापायचे.

"स्वरू, निनादला वासानं नाही नेलं," आजोबा आईला हलक्या आवाजात म्हणाले. "राखेनं नेलं."

"मला शिकवू नका, बाबा. तुम्ही नव्हता तिथे."

"नव्हतो. म्हणून तर यंत्र आणलं. माझ्यावर विश्वास ठेवू नकोस, त्याच्यावर ठेव."

त्यांनी घरातल्या दोन्ही यंत्रांची झाकणं उघडून दाखवली. दारातल्या यंत्रात दाट जाळी होती. राखेचा कण रेणूच्या मानाने डोंगराएवढा, म्हणून तो जाळीत अडकतो. रेणू मात्र जाळीतून सहज निसटतात. त्यांना धरतो तो सक्रिय कोळसा (आत अगणित बारीक छिद्रं पाडलेला कोळसा, वासाचे रेणू त्या छिद्रांच्या भिंतींना चिकटून बसतात). दारात जाळीही होती आणि कोळसाही. बाहेरची राख आणि धूर दारातच थांबत होते. आतल्या यंत्रात नुसता कोळसा होता. ते घरातलीच हवा पुन्हा पुन्हा गाळायचं आणि घरातल्या माणसांचा वास तेवढा पुसून टाकायचं.

"आतलं बंद करतो. धुळीचा काटा जरा जरी चढला तरी तू चालू कर. मी काही बोलणार नाही," आजोबा म्हणाले.

आईनं बटणावर बोट ठेवलं आणि ती तशीच उभी राहिली. आजोबांनी आतलं यंत्र बंद केलं आणि त्याची घरघर थांबली. इतकी शांतता त्या घरात हर्षालीनं कधी ऐकली नव्हती.

धुळीचा काटा हलला नाही. थोड्या वेळानं गंधमापकाचा हलला. आधी किंचित, मग सावकाश चढत गेला. आजोबा एकेक वास वाचत होते. "तेल. कांदा. हर्षीचे केस. हा घाम, हा तुझा आहे, स्वरू."

आई घामानं चिंब झाली होती. भीतीनंच. ती बटणाखाली फरशीवरच बसली. उडीदनं टोपलीतून डोकं वर काढलं. नाकपुड्या हलल्या. तो धडपडत आला, आईच्या ओढणीत नाक खुपसलं आणि तिथेच थांबला. थरथर थांबली नव्हती, पण तो दाराकडे गेला नाही.

हर्षालीनं दुधात भाकरी कुस्करून वाटी पुढे सरकवली. त्यानं वाटीकडे पाहिलंच नाही. मग आईनं बोट दुधात बुडवलं. उडीदनं ते हुंगलं. एकदा चाटलं. पुन्हा चाटलं.

हर्षालीला ओरडावंसं वाटलं, पण तिनं तोंडावर हात दाबून धरला.

आई मात्र भलतंच विचारत होती. "बाबा, कपडे नीट धुतले की वास सगळा जातो?"

आजोबांना खोटं बोलता आलं असतं. पण ते शास्त्रज्ञ होते.

"जातो."

"निनादचे सगळे कपडे मी त्याच दिवशी धुतले. उशीसुद्धा."

उडीद अजून तिचं बोट चाटत होता. आईचे डोळे वाहत होते आणि ती पुसतही नव्हती. मग तिनं हर्षालीकडे पाहिलं. उडीदच्या गडबडीत अंगावरच राहिलेला शाळेचा शर्ट बदलून हर्षाली तो धुलाईच्या कपाटात टाकायला निघाली होती. पळसवस्तीत बाहेरून आल्यावर अंगावरचे कपडे त्या कपाटात टाकायचे, हा नियमच होता.

"तो टाकू नकोस. इकडे दे."

आईनं शर्ट आधी स्वतःच्या नाकाशी धरला. डोळे मिटून खूप वेळ धरला. मग उडीदच्या टोपलीत अंथरला आणि त्यावर आपली ओढणी ठेवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी उडीद उठला, त्यानं आळस दिला आणि तो सरळ वाटीकडे गेला. बरगड्या अजून दिसत होत्या. बाहेर राख उडतच होती, जमिनीखालचा कोळसा जळतच होता, आणि पप्पा तो विझवायला गेले होते. हर्षाली स्वयंपाकघराच्या दारात थबकली. तव्यावरच्या थालीपिठाचा वास येत होता. आई आतल्या यंत्राकडे पाठ करून उभी होती. तिचे हात अजून थोडे कापत होते, पण थालीपीठ तिनं नीट उलटलं.