पिवळ्या कळीला दोरा

भिंतीवर बदक बसलं होतं. जवळ जाऊन पाहते, तर बदक कसलं... भोपळा! वाकडी लांब मान, हिरवे-पांढरे पट्टे आणि अंगभर फोड. मी बोटानं त्याला हळूच टोचून पाहिलं.

"चावत नाही तो," भिंतीपलीकडून आवाज आला.

मी दचकले. पलीकडे एक उंच तरुण उभा होता. हातात पाण्याचा डबा, बाहीवर वाळलेल्या खळीचे पांढरे डाग आणि डोळ्यांत हसू. तीन-चार महिन्यांपूर्वी शेजारी भाड्यानं राहायला आलेला पुस्तकं बांधणारा. सगळी गल्ली त्याला बाइंडरच म्हणायची.

"हा... खातात?" मी विचारलं.

"छे, कडूजहर! शोभेचा भोपळा आहे. नुसता बघायचा. मिसळ बियांचं पाकीट आणलं होतं, कशातून काय निघेल मलाही ठाऊक नाही. परवा एक हुबेहूब संत्र्यासारखा निघाला. बघायचाय?"

बघायचा होता, अगदी बघायचा होता. पण 'नको, कामावर जायचंय' म्हणून मी आत पळाले. रक्ततपासणीच्या लॅबमध्ये दिवसभर नळ्यांवर नावं चिकटवताना माझ्या डोळ्यांसमोर ते बदकच येत होतं. निदान तेव्हा तरी मी स्वतःला बदकच, असं सांगत होते.

संध्याकाळी आत्याला सगळं सांगितलं, तर तिचा चेहराच उतरला.

आमच्या घरी भोपळा म्हणजे आत्याचा भोपळा. चपटा, लोण्याच्या रंगाचा, वर हिरव्या रेघा. तीस वर्षं ती दर साली त्याचं बी धरत आली. यंदा डोळ्यांना दिसेना, हात थरथरायला लागले, म्हणून शेवटच्या सात बिया तिनं माझ्या तळहातावर ठेवल्या. "आता तू," एवढंच म्हणाली. मी हौसेनं इतकं पाणी घातलं, की सहा बिया मातीतच कुजल्या. उरला एकच वेल. त्याचं बी हाती आलं नाही, तर आत्याचा भोपळा कायमचा संपणार होता. संपवणारी मी.

"अगं, दोन्ही एकाच कुळातले," आत्या म्हणाली. "मधमाशी त्याच्या फुलावरून आपल्या फुलावर आली, की बी बिघडलंच. भाजीला चालेल, बियाण्याला नाही. जा, त्याला वेल काढायला सांग."

गेले. भांडायच्या तयारीनंच गेले. त्याच्या खोलीत पानांचे गठ्ठे, लोखंडी दाबयंत्र, मेण लावलेल्या दोऱ्याची रिळं. त्यानं माझं सगळं नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "माझा वेल काढण्याऐवजी मधमाशीलाच अडवलं तर?"

"अडवणार कसं? दारावर पाटी लावून?"

"फूल बांधून. एक बागकामाचं पुस्तक आलंय बांधायला, त्यात वाचलं. उद्या उमलणारी कळी आज संध्याकाळीच दोऱ्यानं बांधायची. नर कळीही आणि मादी कळीही. सकाळी सोडायच्या, आपल्या हातानं पराग लावायचा आणि मादी फूल परत बांधायचं."

"तुम्ही बांधायला आलेली पुस्तकं वाचता?"

"सगळी. पण अर्धीच. दुसऱ्या अर्ध्याच्या आत गिऱ्हाईक येतं."

मी हसले. हसायचं नव्हतं मला, पण हसले.

मग रोज संध्याकाळी तो दोरा घेऊन यायला लागला. मादी कळी ओळखायला मी त्याला शिकवलं. तिच्या मागे बोराएवढा इवलासा भोपळा असतो. पाकळीला धक्का न लावता गाठ मारायला त्यानं मला शिकवलं. एक दिवस माझी गाठ सारखी सुटत होती, तर त्याची बोटं माझ्या बोटांवर आली... आणि काम झाल्यावरही क्षणभर तिथंच राहिली.

"गाठ बसली," मी म्हटलं.

"बघतोय, पक्की बसली का ते."

"किती वेळ बघणार?"

"मला घाई नाही," तो म्हणाला आणि कानापर्यंत लाल झाला!

पण पहिल्या दोन फुलांची देठं पिवळी पडून गळाली. तिसऱ्या कळीच्या वेळी रात्रभर पाऊस लागला आणि मला लॅबमध्ये पहाटेची पाळी आली. "तुम्ही कराल?" मी विचारलं. त्यानं मान डोलावली. परत आले, तेव्हा फूल नीट बांधलेलं होतं. "झालं?" "झालं," तो म्हणाला, पण माझ्याकडे न बघता.

ते फळ धरलं. मुठीएवढं झालं, वाटीएवढं झालं. आत्या रोज त्याच्यावरून हात फिरवायची आणि मी हवेत तरंगायचे. तो मात्र अबोल होत गेला. मला वाटलं, लाजतोय. मग एका दुपारी तो भिंतीपाशी आला आणि उभ्या उभ्याच म्हणाला, "त्या फळाचं बी धरू नका."

"का?"

"त्या सकाळी तुमच्या वेलाचं नर फूल पावसानं सडलं होतं. मादी फूल मिटायला आलं होतं. तुम्हाला दोनदा रडताना मी पाहिलं होतं... मला राहवलं नाही. मी माझ्या वेलाचं फूल लावलं."

माझ्या भ्रमाचा भोपळा असा फुटला. "फळ तर आत्याच्याच भोपळ्यासारखं दिसतंय!"

"यंदा तसंच दिसणार. बदल बियांत असतो, तो पुढच्या वर्षी उगवेल."

"मग गप्प बसायचं होतं! कुणाला कळलं असतं?"

तो काहीतरी बोलणार होता. मी ऐकलंच नाही. आत येऊन दार लावलं आणि उशीत तोंड खुपसून रडले. तिसऱ्यांदा.

आत्यानं सगळं ऐकून घेतलं. मला वाटलं, आता त्याचा उद्धार होणार. तर ती म्हणाली, "खरं सांगायची काय धाड भरली होती त्याला? ते विचारलंस का?"

नव्हतं विचारलं. तो प्रश्न मात्र माझी पाठ सोडेना. तीन दिवस आमचं विळ्या-भोपळ्याचं सख्य चाललं. तो भिंतीशी आला, की मी आत. पण प्रत्येक नळीवर नाव चिकटवताना मनात तेच. का सांगितलं असेल?

चौथ्या दिवशी संध्याकाळी वेलाच्या अगदी टोकाला एक मादी कळी पिवळी झालेली दिसली आणि दोन पेरं मागे एक नर कळी. वेलाची खालची पानं वाळत चालली होती, ही शेवटचीच. मी भिंतीवरून हाक मारली, "दोरा आहे?"

तो धावतच आला. दोघांनी मिळून दोन्ही कळ्या बांधल्या. सकाळी उजाडताच सोडल्या. त्यानं नर फुलाच्या पाकळ्या काढून ते माझ्या हातात दिलं. "तुम्हीच लावा. माझ्या हातावर भरवसा नको."

मी लावलं. पिवळी भुकटी अलगद उतरली. फूल परत बांधलं आणि पाच दिवस आम्ही दोघं त्या बोराएवढ्या जिवाकडे बघत राहिलो. सहाव्या दिवशी आत्यानं देठ चाचपलं.

"धरलं," ती म्हणाली आणि डोळे पुसत आत गेली.

आनंदाच्या भरात मी बोलले, ते मात्र वेगळंच. "एक विचारू? त्या दिवशी खरं का सांगितलंस?"

मी 'तू' म्हटल्याचं माझ्याआधी त्याच्याच ध्यानात आलं.

"पुढच्या वर्षी वेल उगवला असता," तो चाचरत म्हणाला, "आणि त्याला माझं बदक लागलं असतं..."

"तोवर तू खोली सोडून गेला असतास. भाडेकरूचं काय!"

"तेच तर. मला जायचं नाही." त्यानं पहिल्यांदाच सरळ माझ्याकडे पाहिलं. "पुढच्या वर्षी ते बी लावताना मला इथं असायचंय. त्याच्या पुढच्याही वर्षी. आणि मनात ते खोटं ठेवून तुझ्याशेजारी उभं राहता आलं नसतं."

मी भिंतीवरून हात पुढे केला आणि त्यानं तो धरला.

"पाणी तू घालायचं," मी म्हटलं. "माझ्या हातून जास्त पडतं."