बाबांचं ‘बरोबर’

वाचा-प्रयोगशाळेच्या पडद्यावर चैतालीचं क्ष-किरण चित्र उजळलं आणि अस्थितज्ज्ञ डॉ. मुजावर बोलता बोलता थांबले. खुबा निखळलेला होता, तोही सहा महिन्यांपूर्वीच. एवढ्या दिवसांत पोरगी एकदाही ‘दुखतंय’ म्हणाली नाही, हे कसं, असं त्यांनी विचारलं.

प्रश्न वसुधा देवगडेला होता. एकोणीस वर्षांच्या चैतालीला जन्मापासून वाचा नव्हती, हातपाय ताब्यात नव्हते. तिला बोलतं केलं ते वसुधानं बनवलेल्या ‘वाक्सखी’ या यंत्रानं. डोळ्यांची हालचाल टिपायची, मागचं बोलणं ध्यानात ठेवायचं आणि वाक्य पुरं करून मोठ्यानं म्हणायचं, एवढंच त्या यंत्राचं काम. त्याचं कोण कौतुक झालं होतं!

"डोळ्यांचा इशारा अंधुक असला तर?" मुजावरांनी विचारलं.

"तर वाक्सखी सवयीवर जाते. ज्या वाक्याला ‘बरोबर’ मिळतं, ते पुढच्या वेळी आधी सुचतं."

"आणि ‘बरोबर’ कोण म्हणतं?"

ते खरं तर चैतालीनं डोळे मिटून सांगायचं होतं. पण ती दमते, पोरीला कशाला त्रास, म्हणून तिचे वडील सदानंदराव स्वतःच बटण दाबू लागले. तशी मुभा वसुधानंच दिली होती. भला माणूस, बायको गेल्यावर पोरीचं सगळं एकट्यानं करणारा. ‘मजेत आहे’ ऐकलं की दाबायचा. ‘दुखतंय’ ऐकलं की यंत्र चुकलं असेल म्हणून पुन्हा विचारायचा. कुठला बाप वेगळं करेल? बोल तरी कुणाला लावायचा? आपलेच दात, आपलेच ओठ.

तिनं यंत्राच्या कॅमेऱ्यावर जाड पुठ्ठा धरला. चैतालीचे डोळे आता त्याला दिसणं शक्यच नव्हतं. मग तिनं चैतालीशेजारी उभ्या असलेल्या सदानंदरावांना लेकीशी नेहमीसारखं बोलायला सांगितलं.

"चैतू, पाय दुखतो का गं?"

"छे हो बाबा, मजेत आहे," यंत्र गोड आवाजात म्हणालं. "तुम्ही जेवलात का?"

वसुधानं यंत्र बंद केलं आणि जुना अक्षरफलक काढला. एकेका अक्षरावर बोट ठेवायचं. हवं ते आलं की चैताली नजर वर नेई. पहिला शब्द जुळायला दहा मिनिटं लागली. ‘दुखतं.’ मुजावर लगेच इंजेक्शनच्या तयारीला लागले.

पण चैतालीची नजर फलकावरून हलेना. वसुधाला रडू आवरत नव्हतं, तरी ती बोट फिरवत राहिली. पाऊण तासानं वाक्य पुरं झालं आणि तिनं ते वाचून दाखवलं, "बाबा तिच्याशीच बोलतात."

सदानंदरावांनी लेकीचे पाय धरले, ढसाढसा रडले. मग डोळे पुसत वसुधाजवळ आले आणि दबक्या आवाजात म्हणाले, "ताई, त्या यंत्रातल्या मुलीला मात्र पुसून टाकू नका हो."

चैतालीला ऐकू अगदी व्यवस्थित येत होतं.